घर सांगतं, रेल्वे किती लांब होती

टेक्सासमधलं लबक शहर परातीसारखं सपाट आहे. कुठल्याही दिशेला पाहा, चढ नाही, उतार नाही, डोळा अडेल असं काही नाही. तरी तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या आवारात एका जागी मातीच्या टेकड्या लागतात. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. माणसांनी माती आणून, भराव घालून उभ्या केल्या आहेत. आत शिरलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते, इमारती आणि गाड्या दिसू नयेत, एवढंच त्यांचं काम. टेकड्यांच्या आत पन्नासेक जुन्या वास्तू आहेत: घरं, तबेले, धान्याचं कोठार, शाळा, लोहारशाळा, पवनचक्क्या आणि शेवटी एक रेल्वे स्टेशन. या जागेचं नाव नॅशनल रँचिंग हेरिटेज सेंटर. १९७६ च्या ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, ते लोकांसाठी खुलं झालं. आत जायला पैसे पडत नाहीत.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला काचेची कपाटं आठवतात. उघड्यावरच्या संग्रहालयात घर हीच वस्तू असते. कल्पना स्वीडनची. आर्थर हाझेलियस नावाच्या माणसाने १८९१ मध्ये स्टॉकहोमला ‘स्कानसेन’ सुरू केलं. कारखानदारीच्या रेट्यात खेड्यातली घरं भराभर पडत होती. त्याने देशभरातली घरं उचलून आणली आणि एका टेकडीवर मांडली. त्यानंतर अशी संग्रहालयं जगभर निघाली. लबकचं वेगळेपण असं, की त्यात एकाच धंद्याची घरं आहेत. धंदा गुरं पाळण्याचा.

काउबॉय म्हणजे टोपी, घोडा आणि ठाय ठाय गोळ्या, असं चित्र सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलंय. ते घेऊन इथे आलात तर थोडी निराशा होईल. ही घरं भांडणांबद्दल कमी बोलतात. लाकूड कुठून आणलं, पाणी कसं काढलं, गुरं कशी राखली आणि विकायला कुठे नेली, याबद्दल जास्त. मला तरी हीच गोष्ट जास्त रंगतदार वाटते.

आधी रँच म्हणजे काय ते पाहू. रँच म्हणजे शेत नव्हे आणि मोठा गोठाही नव्हे. आपल्याकडे गुरं दावणीला असतात आणि वैरण त्यांच्यापुढे येते. रँचवर गुरं वर्षभर रानात असतात आणि वैरणीच्या मागे स्वतः फिरतात. तिथे पीक म्हणजे गवत, आणि ते कापून बाजारात नेण्याचं यंत्र म्हणजे गाय. लबकच्या आसपास वर्षाला साधारण ४५० ते ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-आटपाडीकडचा माणूस हा आकडा ऐकून लगेच मान डोलवेल. एवढ्या पावसावर उगवणारं गवत विरळ. एका गाईला वर्षभर पुरायचं तर वीसेक एकर रान लागतं. शंभर गाई म्हटल्या की २,००० एकर. अमेरिकेतली रँच अवाढव्य का असते, याचं उत्तर श्रीमंतीच्या आधी या हिशेबात आहे.

यातली सर्वात अवाढव्य म्हणजे एक्सआयटी. टेक्सास राज्याला ऑस्टिनमध्ये नवं विधानभवन बांधायचं होतं, पण तिजोरीत खडखडाट. जमीन मात्र मुबलक. राज्याने शिकागोच्या भांडवलदारांशी सौदा केला: तुम्ही इमारत बांधा, मोबदल्यात ३० लाख एकर रान घ्या. म्हणजे १२,००० चौरस किलोमीटरहून जास्त, आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं, आणि सगळं एका मालकीचं. विधानभवन १८८८ मध्ये पुरं झालं. रानात १८८५ पासूनच गुरं सोडली होती.

आता घरांकडे येऊ. संग्रहालयातली वाट अशी आखली आहे की चालता चालता काळ पुढे सरकतो. सुरुवात होते ती १७८० च्या सुमाराच्या ‘लॉस कोरालितोस’पासून. नावावरूनच कळतं, हे स्पॅनिश लोकांचं घर, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळच्या झपाटा भागातलं. जाड दगडी भिंती, एकच दार, खिडकी नाही. भिंतीत बंदुकीची नळी घालण्यापुरती भोकं. आपल्या गढीची आठवण यावी असं. आणि हे सुरुवातीला असणं योग्यच आहे, कारण काउबॉयचा धंदा मुळात अमेरिकनांचा नाही. तो स्पॅनिश-मेक्सिकन ‘वाकेरो’, म्हणजे गुराखी, लोकांकडून आला. रँच, रोडिओ, लासो, कोराल, मस्टँग हे सगळे शब्द स्पॅनिशमधून उचललेले. पुढे या धंद्यात राबलेल्यांत मेक्सिकन होते, गुलामगिरीतून सुटलेले काळे होते. पडद्यावरचा काउबॉय बहुतेक वेळा गोरा असतो, तो पडद्याचा दोष.

त्यानंतर १८३८ च्या सुमाराची ‘एल कपोते’ ही ओंडक्यांची खोली. टेक्सास तेव्हा अमेरिकेत नव्हता, स्वतंत्र देश होता. पुढे १८५० च्या दशकातलं, जर्मन वसाहतकऱ्यांचं ‘हेडविग्ज हिल’ इथलं घर. दोन खोल्या, वर एकच छप्पर आणि मधे आरपार उघडी जागा. हा बोळ वारा खेचतो, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं घर तिथेच बसलेलं. कुत्रीही तिथेच पहुडायची, म्हणून या धाटणीला नावही ‘कुत्र्याची वाट’ अशा अर्थाचं पडलं. कोकणातल्या पडवीत दुपार काढलेल्या माणसाला या बोळाची उपयुक्तता कुणी समजावून सांगायला नको.

इथवरची घरं लाकडाची आणि दगडाची आहेत, कारण ती टेक्सासच्या पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या, झाडं असलेल्या भागातली. मग माणसं वायव्येला सरकली आणि ‘यानो एस्ताकादो’ नावाच्या पठारावर पोहोचली. लबक याच पठारावर आहे. इथे गवत आहे, आणि गवताशिवाय काही नाही. घर बांधायला ओंडका नाही, कुंपणाला खांब नाही, चुलीला सरपण नाही. सरपणाचा प्रश्न लोकांनी रानशेण्या गोळा करून सोडवला, आधी रानरेड्यांच्या (म्हणजे बायसनच्या) आणि मग गाईंच्या. घराचा प्रश्न त्यांनी जमिनीत शिरून सोडवला.

‘मॅटडोर’ रँचचं १८९० च्या आसपासचं असं घर इथे आहे. उताराच्या पोटात खड्डा खणायचा. मागची बाजू मातीत, पुढची उघडी. जे थोडं लाकूड मिळेल ते वरच्या भागाला आणि छपराला, आणि छपरावर पुन्हा माती. मुख्य वस्तीपासून लांब, रानाच्या कडेला, एक-दोन गडी हिवाळाभर अशा घरात राहायचे. काम एकच: आपली गुरं हद्दीबाहेर जाऊ द्यायची नाहीत आणि दुसऱ्याची आत येऊ द्यायची नाहीत. घर थंडीत ऊबदार आणि उन्हाळ्यात गार. फक्त छपरातून माती गळायची, आणि साप-विंचवांनाही तीच ऊब आवडायची. गंमत म्हणजे या अंधाऱ्या खड्ड्याचे मालक स्कॉटलंडमध्ये बसले होते. १८८२ मध्ये डंडी शहरातल्या गुंतवणूकदारांनी मॅटडोर विकत घेतली आणि १९५१ पर्यंत चालवली. तागाच्या धंद्यासाठी गाजलेलं, म्हणजे बंगालच्या तागावर श्रीमंत झालेलं, तेच हे डंडी.

एक्सआयटीच्या एका विभागाचं मुख्य ठाणं ‘लास एस्कार्बादास’ही इथे आहे, १८८६ चं, दगडी. नावाचा स्पॅनिश अर्थ ‘उकरलेल्या जागा’. तिएरा ब्लांका नावाच्या ओढ्याचं पात्र कोरडं पडलं की लोक वाळू उकरून पाणी काढायचे. आपण ज्याला झिरा म्हणतो, तोच. झिऱ्यावरून ठाण्याचं नाव पडलं, यावरूनच पाण्याची किंमत कळते.

आणि मग एकाएकी घरं बदलतात. १९०३ चं एक घर नुसत्या फळ्यांचं आहे. उभ्या फळ्या शेजारी-शेजारी ठोकायच्या आणि दोन फळ्यांच्या मधल्या फटीवर अरुंद पट्टी मारायची. आतून खांबांचा सांगाडा नाही. फळी हीच भिंत आणि फळी हाच खांब. पाहायला गरिबाचं, पण त्या माळावर ही क्रांती होती. कारण या फळ्या तिथल्या नाहीत, त्या रेल्वेने आल्या. १८८८ मध्ये फोर्ट वर्थपासून डेन्व्हरपर्यंतचा लोहमार्ग या भागाच्या उत्तरेतून पुरा झाला. स्टेशनापासून दोन-चार दिवसांच्या बैलगाडीच्या टप्प्यात फळ्या, खिळे, काचा मिळू लागल्या. म्हणून या संग्रहालयात कुठल्याही घरापुढे उभं राहून विचारायचा प्रश्न एकच: हे बांधलं तेव्हा रेल्वे किती लांब होती? घर मातीत असेल तर फार लांब. फळ्यांचं असेल तर जवळ आली. आणि नक्षीदार लाकूडकाम, गच्च्या, बुरुजासारखा कोपरा असं दिसलं, तर मालकाला वाटत होतं की रेल्वे दारातच येणार.

असं एक घर खरंच आहे. जोसेफ बार्टन या रँचमालकाने १९०९ मध्ये बांधलेलं, ऐटदार, दुमजली. त्याने आपल्या रानात ‘बार्टनसाइट’ नावाचं गावच वसवायला घेतलं होतं, लोहमार्ग इथूनच जाणार या भरवशावर. मार्ग गेला काही मैलांवरच्या अबर्नथीतून. गाव उठलं. घर उरलं, आणि आता ते लबकमध्ये आहे.

फळ्यांबरोबर रेल्वेने आणखी दोन वस्तू आणल्या, आणि त्यांनी रँचचा धंदा मुळापासून उलटा केला. पहिली काटेरी तार. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडनने तिचं पेटंट घेतलं. त्याआधी हा सगळा माळ म्हणजे एक मोठं गायरान होता. कुणाचंही गुरू कुठेही चरायचं आणि ओळख पटायची ती फक्त तापल्या लोखंडाने कातडीवर दिलेल्या डागावरून. तार आली आणि गायरानाचे सातबारे झाले म्हणा. एक्सआयटीने सुमारे १,५०० मैल कुंपण घातलं. लहान पशुपालक, ज्यांच्याकडे गुरं होती पण जमीन नव्हती, ते रातोरात बाहेर पडले. तारा तोडण्यावरून मारामाऱ्या झाल्या आणि १८८४ मध्ये टेक्सासला तार तोडणं गुन्हा ठरवावं लागलं.

तारेचा खरा हिसका मात्र १८८६ च्या जानेवारीत दिसला. हिमवादळ आलं की गुरं वाऱ्याकडे पाठ करून चालू लागतात आणि आडोसा मिळेपर्यंत चालत राहतात. उत्तरेची गुरं दक्षिणेत उतरून आपलं गवत खाऊ नयेत, म्हणून टेक्सासच्या उत्तर भागात रँचमालकांनी पूर्व-पश्चिम लांबच लांब आडवं कुंपण घातलं होतं. वादळात गुरं या तारेपर्यंत आली आणि थांबली. मागून आणखी आली. वितळणीनंतर कुंपणालगत मेलेल्या गुरांच्या रांगा सापडल्या.

दुसरी वस्तू पवनचक्की. विजेची नव्हे, पाण्याची. लबकखाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, पण हाताने किंवा मोटेने काढण्याच्या पलीकडे खोल. वारा मात्र फुकट आणि अखंड. चक्रीला पुष्कळ पाती असतात, त्यामुळे ती मंद वाऱ्यावरही फिरते. फिरण्याची ताकद दांड्यामार्फत खाली-वर अशा हालचालीत बदलते आणि हापशासारखं पाणी वर येतं. अवघड भाग वेगळाच होता: वादळी वाऱ्यात चक्री मोडून पडायची. १८५४ मध्ये डॅनियल हॅलडेने अशी रचना केली की वारा वाढला की चक्री आपोआप वेग आवरते. इथे उभ्या असलेल्या ‘इक्लिप्स’ जातीच्या चक्कीत वाऱ्याच्या जोराने सगळी चक्रीच बाजूला वळते. माणूस जवळ असण्याची गरज नाही, आणि रँचवर नेमकं तेच हवं होतं. एक्सआयटीवर अशा ३०० हून जास्त चक्क्या होत्या. त्यांना वंगण देत एकीवरून दुसरीकडे फिरणारा गडी वेगळा असायचा. बर्फात, वाऱ्यात शिडी चढून वर जायचं आणि ग्रीस लावून उतरायचं, पुन्हा पुढच्या चक्कीला. स्वतःच तेल घेणारी चक्की १९१५ मध्ये निघाली तेव्हा हा कष्टाचा फेरा सुटला.

गुरांवरचा डाग ही एक स्वतंत्र लिपीच आहे. संग्रहालयात जागोजागी तो दिसतो. वाचायचा डावीकडून उजवीकडे, वरून खाली, बाहेरून आत. अक्षर आडवं पडलेलं असेल तर ते ‘आळशी’, पंख असतील तर ‘उडतं’, खाली कमान असेल तर ‘झुलतं’. म्हणून इथल्या एका बग्गीखान्याचं नाव ‘यू लेझी एस’, म्हणजे यू आणि त्याच्या शेजारी आळसावलेला एस. १९०८ चा एक भला मोठा तबेला ‘फोर सिक्सेस’ रँचचा, म्हणजे ६६६६. पत्त्यांच्या डावात चार छक्के लागले आणि मालकाने रँच जिंकली, ही कथा टेक्सासभर सांगतात. घरच्या लोकांनी मात्र ती कायम नाकारली. एक्सआयटी या डागाची गोष्ट जास्त व्यवहाराची आहे. चोर तापलेल्या सळईने जुन्या डागात रेघा वाढवून नवा डाग करायचे. अॅब ब्लॉकर नावाच्या कळप हाकणाऱ्याने बुटाच्या टाचेने धुळीत एक्सआयटी काढून दाखवलं: सरळ रेघा, एकाच लोखंडी पट्टीने उमटणाऱ्या आणि बदलायला कठीण. आपल्याकडे मेंढपाळ कानाला खूण करतो, तोच विचार, फक्त इथे कचेरीत नोंद करून.

वाटेच्या शेवटी १९१८ चं रोप्सव्हिलचं स्टेशन, गुरं डब्यात चढवायचे लाकडी कठडे आणि वाफेचं इंजिन आहे. इथे आपला संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. यादवी युद्धानंतर टेक्सासची लांब शिंगांची गुरं पायी उत्तरेला, कॅन्ससच्या स्टेशनांवर हाकली जायची. टेक्सासमध्ये चार डॉलरला मिळणारं गुरू उत्तरेत चाळीसला जायचं. पण हे कळप जिथून जात तिथली स्थानिक गुरं पटापट मरत, आणि टेक्सासची मात्र ठणठणीत. लोक चक्रावले, वाटा बंद केल्या. कोडं सुटलं १८९३ मध्ये: थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवलं की रोग गोचिडातून पसरतो. सस्तन प्राण्यांचा आजार गोचीड-किड्यांमुळे फैलावतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. डास आणि हिवतापाचा संबंध सिद्ध झाला तो नंतर.

आता गोचिडाला पुरून उरणारं गुरू कुठलं? वशिंडाचं. सैल कातडी, आखूड केस, उन्हात तासन् तास चरण्याची ताकद. टेक्सासमधल्या पिअर्स रँचचा ए. पी. बोर्डन १९०६ मध्ये त्यासाठी भारतात आला. गुरं बोटीने न्यूयॉर्कला पोहोचली, तिथल्या एका बेटावर सक्तीने वेगळी ठेवली गेली, काही रोगामुळे मारावी लागली आणि ३३ टेक्सासला गेली. अशा आयातींतून अमेरिकेची ‘ब्राह्मन’ जात तयार झाली. तिच्यात कांक्रेज, ओंगोल आणि गीर यांचं रक्त आहे, आणि थोडं कृष्णाकाठच्या गुरांचंही. सांगली-बेळगाव-विजापूर पट्ट्यात, कृष्णेच्या काळ्या चिकट रानात नांगर ओढणारी, आपल्याकडे आता दुर्मीळ झालेली ‘कृष्णा व्हॅली’ जात ती हीच. पुढे टेक्सासमधल्याच किंग रँचने शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन यांच्या संकरातून ‘सांता गर्ट्रूडिस’ ही नवी जात उभी केली; १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. जातीचं नाव ब्राह्मन आणि उपयोग मांसासाठी, यावर आपल्याकडे काय विनोद होतील ते लिहीत बसत नाही.

राहिला प्रश्न, घरं आणतात कशी? दगडी घर उतरवायचं तर आधी प्रत्येक दगडाला क्रमांक, प्रत्येक भिंतीचं रेखाचित्र, आणि मगच हातोडा. ओंडक्यांचंही तसंच. फळ्यांचं घर मात्र हलकं, ते खालून उचलून अखंड किंवा दोन-तीन भागांत लांब गाडीवर चढवता येतं. मग नव्या जागी दिशा सांभाळायची, कारण ओसरी दक्षिणेला होती ती उत्तरेला गेली तर घराचं शहाणपणच संपलं. छपराची कौलफळी कुजलेली असेल तर नवी घालायची का? घातली तर घर जुनं किती? मालकाने तीस वर्षांत चार खोल्या वाढवल्या असतील तर कुठल्या वर्षाचं दाखवायचं? इथल्या हॅरल घराबाबत उत्तर छान दिलंय: १८८३ च्या एका दगडी खोलीपासून १९१७ पर्यंत जोडलेला भाग न् भाग तसाच ठेवलाय. खण वाढवत गेलेलं आपलं कुठलंही गावाकडचं घर आठवा.

या पद्धतीत एक खोट आहे आणि ती मोठी आहे. जे घर बांधतात त्यांचाच इतिहास अशा जागी उभा राहतो. या पठारावर शतकभराहून जास्त काळ कोमान्चे या मूळ रहिवासी लोकांचं राज्य होतं. रानरेड्यांच्या मागे फिरणारी, चामड्याचे तंबू घोड्यांवर लादून नेणारी माणसं. १८७० च्या दशकात शिकाऱ्यांनी रानरेडे कातड्यासाठी जवळजवळ संपवले, १८७४-७५ च्या युद्धात सैन्याने कोमान्चेंचे घोडे आणि तंबू नष्ट केले आणि उरलेल्यांना राखीव जागेत नेलं. गायरान मोकळं सापडलं ते असं. १८७२-७३ च्या जोवेल कुटुंबाच्या दगडी घरापुढे उभं राहिलं की कळतं, आधीचं लाकडी घर कोमान्चेंनी जाळलं म्हणून ते दगडात बांधलं. ही एक बाजू भिंतीसकट उभी आहे. दुसऱ्या बाजूची भिंतच नव्हती, त्यामुळे तिला क्रमांक घालून आणता येत नाही.

जाणार असाल तर उन्हाळ्यात सकाळी जा; अजूनही त्या माळावर सावली अशी नाहीच. डिसेंबरमध्ये दोन संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लावतात आणि जुन्या पोशाखातले स्वयंसेवक आपापल्या चुलीशी बसतात. मॅटडोरच्या त्या खड्ड्यातल्या घरात त्या वेळी वाकून शिरा. माती आणि धूर यांचा वास येतो आणि बाहेरचा वारा एकदम बंद होतो.